सरांच्या लेन्सबद्दल माझा सल्ला

सरांनी मला लेन्सविषयी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या टेबलावर होता आणि मी त्यातून रक्त काढत होतो. तुमसरच्या बाजारात एका खाजगी लॅबमध्ये मी नोकरीला होतो. सर दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला यायचे. शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली होती. आता निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि पक्ष्यांचं वेड लागलं होतं. ते मलाही होतं. कॅमेरा त्यांच्या आधी माझ्याकडे आला, म्हणून एवढ्या एका बाबतीत ते मला विचारून पाऊल टाकायचे.

"बाबू, लांबची लेन्स घ्याची आहे," ते म्हणाले. "नागपूरचा दुकानदार दोन दाखवते. एकीत ते स्टॅबिलायझर आहे, दुसरीत नाही. बाकी दोन्ही सारख्याच म्हणते. पण किमतीत जवळपास दुपटीचा फरक आहे. हे काय असते बापा? आपल्या फ्रिजले असते तसं?"

मी हसलो. सुई काढली, कापूस ठेवला आणि म्हणालो, "दाबून धरा सर."

त्यांनी उजवा हात उचलला. टेबलावर पडून होता तोवर तो हात अगदी शांत होता. उचलल्याबरोबर मनगटापासून पुढे थरथरायला लागला. बोट कापसावर टेकायच्या आधी दोनदा बाजूला गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या वयातही सुईची भीती वाटते पाहा."

भीती नव्हती. दिवसाला चाळीस-पन्नास हात माझ्यासमोर यायचे; भीतीनं थरथरणारा हात आणि मुळातच थरथरणारा हात मला वेगळे ओळखू यायचे. मागच्या खेपेला पावतीवर सही करतानाही मी ते पाहिलं होतं.

लांबच्या लेन्सचा स्वभाव असा, की ती पक्षी जितका जवळ आणते तितकीच हाताची थरथरही मोठी करते. तळ्याच्या पलीकडचा बगळा डोळ्यासमोर येतो आणि नाचायला लागतो. स्टॅबिलायझरवाल्या लेन्समध्ये आत एक काच अधांतरी असते. हात डावीकडे हलला की ती उजवीकडे सरकते, वर गेला की खाली. चित्र जागच्या जागी उभं राहतं. ज्याचा हात स्थिर आहे त्याला तिचं फार अप्रूप नाही. ज्याचा नाही त्याच्यासाठी ती बनवलेली आहे. एवढं मला त्या क्षणी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"विचार करून सांगतो सर," मी म्हणालो.

माझ्याकडे तीच लेन्स होती. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. कुणाला दाखवली नव्हती, कारण आमच्याकडची पक्ष्यांची मंडळी एकमेकांच्या सामानावर डोळा ठेवून असत आणि फोटो चांगला आला की "लेन्सचा आहे" म्हणत. तिच्यानं काय होतं आणि काय होत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं.

रविवारी मी सरांच्या घरी गेलो. सरांनी कोरा कागद काढून ठेवला होता. मधोमध रेघ मारलेली होती. ती रेघ पट्टीनं मारली होती हे माझ्या लगेच लक्षात आलं. एका बाजूला 'घ्यावी', दुसऱ्या बाजूला 'घेऊ नये'. मी सांगायचं आणि त्यांनी विचार करायचा, असं ठरलं. लिहायचं कामही त्यांनी माझ्याकडेच दिलं.

'घेऊ नये'च्या खाली मी लिहीत गेलो. पक्षी हलतो, ते हे यंत्र थांबवू शकत नाही. कॅमेरा तिपाईवर असला की त्याची गरज पडत नाही. बॅटरी लवकर संपते. आत नाजूक भाग जास्त, बिघडली तर दुरुस्ती इकडे होत नाही. वाचलेल्या पैशात चांगली तिपाई येते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठल्याही जाणकाराला तो कागद दाखवला असता तर त्यानं मान डोलावली असती. 'घ्यावी'च्या खाली मी एकच ओळ लिहिली : हात हलत असल्यास उपयोगी.

सरांनी ती ओळ वाचली आणि कागदावरून नजर उचलली नाही.

तेवढ्यात काकू शेंगदाणे आणि गूळ घेऊन आल्या. त्यांनी उभ्या उभ्या कागद पाहिला आणि म्हणाल्या, "हातानं नाही होऊन राहिलं त्यायच्यानं आजकाल. परवा बँकेत तं सही जुळली नाही म्हणून..."

"तू चूप बस," सर म्हणाले.

मी काकूंकडे वळलो. "काय बोलता काकू! सरांचा हात चित्रकाराचा हात आहे. ज्याचा हात कच्चा, त्याले पाहिजे ते यंत्र. सरायले कायले पाहिजे?"

सर हसले. खुर्चीत थोडे ताठ झाले. त्या वाक्यानंतर ती लेन्स मागणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि हे बोलताना मला माहीत होतं. काकू माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि आत गेल्या.

मी असं का केलं, हे सांगायला आठवीत जावं लागेल.

त्या वर्षी चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची निवड चालू होती. सरांचा हात तेव्हा असा होता की फळ्यावर एका दमात गोल काढायचे आणि त्याची सुरुवात कुठं झाली ते सापडायचं नाही. आम्ही ते बघायला दुसऱ्या वर्गातून यायचो. मला त्या परीक्षेला बसायचं होतं. आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वडील भाताच्या गिरणीत हमाली करायचे. माझ्यासाठी त्यांनी भंडाऱ्याहून रंगाची पेटी आणली होती. निवडीच्या दिवशी सर माझ्या बाकाशेजारी येऊन उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून माझा हात कापायला लागला. हात कापला म्हणून रेघ वाकडी झाली. सरांनी माझं मनगट धरून हात वर उचलला, सगळ्या वर्गाला दिसेल एवढा.

"पाहा रे. पिंपळाचं पान आहे हे. वारा नाही तरी हलून राहिलं."

वर्ग हसला. सरांनी लगेच हात सोडला नाही. हसणं कमी झालं तेव्हा म्हणाले, "ज्याचा हात कापते त्यानं चित्राच्या वाटेले जाऊ नये. कागद कायले खराब करतो?" माझा फॉर्म त्यांनी पाठवला नाही. दहावी होईपर्यंत शाळेत माझं नाव 'पान' होतं. मुली समोरून आल्या की कुणीतरी मागून फुंकर मारायचं. रंगाची पेटी मी वडिलांना न सांगता मामाच्या मुलाला देऊन टाकली.

पुढे मी रक्त काढायला शिकलो. माझा हात कधी हलला नाही. लहान मुलांची शीरसुद्धा मला पहिल्या खेपेला सापडते.

सरांनी साधी लेन्स घेतली आणि माझ्या सल्ल्याप्रमाणे तिपाईही घेतली. तिपाई दोनदा नेली. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या चिखलाच्या बांधावर, एक माणूस कसाबसा चालतो. तिथं तीन पाय उघडायला जागा नसते आणि उघडलेच तर एक पाय चिखलात रुततो. हे मी 'घ्यावी'च्या बाजूला लिहिलं नव्हतं. मग सर हातात धरूनच फोटो काढायला लागले.

त्या पावसाळ्यात त्यांना सारस सापडले. भंडारा जिल्हा फुटून आठ-नऊ वर्षं झाली होती. जंगलाचा मोठा भाग, बरीचशी तळी आणि सारसांच्या ठरलेल्या जागा गोंदियाच्या वाट्याला गेल्या होत्या. तिकडची मंडळी भेटली की म्हणायची, "तुमच्याकडे काय राहिलं आता, बदकं?" सारसाचं घरटं आमच्या बाजूला आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी फोटोशिवाय कुणी ऐकून घेत नव्हतं. सर रोज पहाटे लुना घेऊन बपेऱ्याच्या रस्त्यानं जायचे, आणि ऑगस्टमध्ये एका बांधीत त्यांना जोडी बसलेली दिसली. रोवणा, म्हणजे लावणी, होऊन धान गुडघ्याएवढं आलं होतं. धानाच्या मधोमध खाटेएवढा गवताचा ढीग, त्यावर मादी, आणि पंधरा पावलांवर नर उभा.

जवळ गेलं तर पक्षी उठतात, कावळे अंड्यांवर येतात. त्यामुळे दूर धुऱ्यावरूनच फोटो काढायचा होता. लांबच्या लेन्सचं खरं काम तेच. सरांनी आठ दिवसांत चारशेवर फोटो काढले.

शेतमालक चाळिशीचा माणूस होता. घरट्यासाठी पक्ष्यांनी त्याचं धान उपटलं होतं, आणि ती एवढी जागा पिकणार नव्हती. तो घरटं काढून टाकणार होता. सरांनी त्याला गळ घातली. आमच्या मंडळीनं ठरवलं होतं, की घरट्याची खात्री पटली तर शेतकऱ्याला नुकसानभरपाई म्हणून धान द्यायचं आणि पिल्लं निघेपर्यंत राखण ठेवायची. पण खात्री पटायला हवी. रविवारी बैठक होती. शेतमालक म्हणाला, "रविवारपर्यंत थांबतो मास्तर. मंग मले कोणी काही सांगू नका."

शुक्रवारी सर कॅमेरा घेऊन लॅबमध्ये आले. नुसते चमकत होते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांनी मला एकेक फोटो दाखवला. काड्यापेटीएवढ्या पडद्यावर सगळेच फोटो बरे दिसतात. बटण दाबून मोठा केला की कळतं. सरांना ते बटण माहीत नव्हतं, आणि घरी कॉम्प्युटर नव्हता. मला माहीत होतं. त्यांचा हात कॅमेरा धरून माझ्यासमोर होता आणि तो पडदासुद्धा स्थिर राहत नव्हता. मला त्यांच्या मनगटाला आधार देऊन फोटो पाहावे लागत होते.

"कसे आहेत?"

"मस्त आहेत सर. रविवारी मोठ्या पडद्यावर लावा."

मी आदल्या दिवशी, गुरुवारीच तिथं जाऊन आलो होतो. सर परतल्यावर, एकटा. धुऱ्यावर उकिडवा बसलो, बटण अर्धं दाबलं, लेन्समधून बारीक घुंऽऽ असा आवाज आला आणि मादी काचेत येऊन थांबली. तिच्या मानेवरचा लाल रंग, चोचीला लागलेला चिखल. ती अंडी फिरवायला उठली तेव्हा दोन अंडी दिसली. सहा फोटो काढले. सहाही स्वच्छ आले.

रविवारी तुमसरच्या एका समाजभवनात वीस-बावीस लोक जमले. भिंतीवर पांढरी चादर लावली होती, कुणीतरी ऑफिसातून प्रोजेक्टर आणला होता. अध्यक्ष भंडाऱ्याहून आले होते, दातांचे डॉक्टर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकूही आल्या होत्या, मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि माझ्या खिशात कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

पहिला फोटो चादरीवर आला. हिरव्यावर दोन राखाडी डाग. प्रत्येक डागाला दोन-दोन, तीन-तीन कडा.

"फोकस करा ना," कुणीतरी प्रोजेक्टरवाल्याला म्हणालं. त्यानं लेन्स फिरवली. चादरीची वीणसुद्धा स्पष्ट दिसायला लागली. डाग तसेच राहिले.

"पुढचा लावा," सर म्हणाले.

पुढचाही तसाच होता. त्याच्या पुढचा त्याहून वाईट. सर चादरीकडे असे पाहत होते जणू ते फोटो दुसऱ्याच कुणाचे आहेत. पाचव्या-सहाव्याला मागून आवाज आला, "सर, सारस आहे का कोणाचं धुणं वाळून राहिलं?" लोक हसले. अध्यक्षही हसले, मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मीही हसलो. अगदी मोठ्यानं नाही, पण शेजारच्याला ऐकू जाईल एवढं.

सर उठले. कोपऱ्यात पडदे सरकवायची एक लांब काठी होती, ती घेतली आणि चादरीजवळ गेले. "हे पाहा, हे घरटं आहे. ही मादी. हिची मान इथून..." त्यांनी काठी उचलली आणि काठीचं टोक घरट्यावरून आभाळात गेलं, आभाळातून धानात, धानातून चादरीच्या बाहेर. त्यांनी दुसऱ्या हातानं काठी धरली. टोक आणखी जोरात हलायला लागलं. चादरीला लागून टक्‌टक् आवाज यायला लागला. आता कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना फोटोंचं कारण एकदमच कळलं होतं.

"बसा सर," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

सर काठी घेऊन तसेच उभे राहिले. काकूंनी पुढे येऊन ती त्यांच्या हातातून घेतली.

कार्ड काढून द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी ते काढलं नाही. काढलं असतं तर सगळे म्हणाले असते, सरांचं घरटं खरं निघालं. सरांची मान वर झाली असती. मला ती खालीच पाहायची होती, निदान आठवडाभर. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही. फार दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

ठरलं असं, की कुणीतरी जाऊन चांगला फोटो आणावा, मग पुढच्या रविवारी पाहू. मी हात वर केला. "मी जाऊन येतो," म्हणालो. शेतमालकाची मुदत त्याच दिवशी संपते हे कुणी काढलं नाही, मीही नाही. मंडळी समाधानानं घरी गेली.

मी शनिवारी गेलो. फोटो आधीच होता, म्हणून घाई नव्हती. बांधीत धान सारखं उभं होतं, फक्त मधोमध पाण्याचा एक गोल तुकडा. शेतमालक धुऱ्यावरचं गवत कापत होता.

"काढलं?" मी विचारलं.

"मंगळवारी. मास्तर सोमवारी आलते. दिवसभर बसून होते इथं. म्हणे अजून आठ दिवस दे. म्या म्हटलं, फोटोचं काय झालं? तं काही बोलले नाही. पाय धरासाठी वाकले, म्या धरू नाही देले. पण आता किती दिवस थांबू?"

"अंडी?"

"धुऱ्यावर ठेवली होती. कुत्र्यायनं नेली." त्यानं विळा पुसला. "दोघंही दोन दिवस तिथंच उभे होते. त्याच पाण्यात. मंग नदीपल्याड गेले, मध्यप्रदेशात."

मी परतलो. रविवारी बैठकीत सांगितलं की घरटं गेलं, आणि मग कार्ड लावलं. फोटो चादरीवर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कधी काढला हे कुणी विचारलं नाही. सर आले नव्हते. चार दिवसांनी तो फोटो वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर छापून आला. खाली माझं नाव होतं. मी पाच अंक विकत घेतले.

त्यातलाच एक अंक घेऊन सर लॅबमध्ये आले. सकाळची वेळ, बाकावर सात-आठ पेशंट उपाशीपोटी बसलेले. सरांनी पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर टेकवले, म्हणून ते हात स्थिर होते.

"हे कवाचं आहे?"

"बैठकीनंतर गेलो होतो ना सर..."

"सोमवारी मी दिवसभर तिथं होतो. तू नोता. मंगळवारी सकाळीच त्यानं काढलं. याच्यात अंडी आहेत, बाबू."

मी सुईचं पाकीट फाडत होतो. ते तसंच हातात राहिलं.

"आधीचं आहे," मी म्हणालो.

"मी तिथं काठी घेऊन उभा होतो, तवा तुझ्यापाशी होतं हे?"

"खिशात होतं."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. चित्रकलेच्या मास्तरासारखं पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "हातानं काढला. तिथं तिपाई मांडता येत नाही. ते यंत्र आहे तुझ्या लेन्समधी?"

"हो."

"आन् मले नको म्हटलं."

"हो."

"काहून?"

मी सांगितलं. पेशंट ऐकत होते तरी सांगितलं. बाक, मनगट, पिंपळाचं पान, फॉर्म, 'पान' हे नाव, मागून मारलेल्या फुंकरा. अठरा-वीस वर्षं मी ते मनात इतक्यांदा म्हटलं होतं की एकही शब्द अडला नाही. सर ऐकत राहिले. संपलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि खरोखर आठवून पाहिलं. मला दिसत होतं, ते मनापासून आठवून पाहत होते.

"असं म्हटलं व्हय मी?"

"म्हटलं सर."

"म्हटलं असन. म्हणत होतो मी असं काही काही पोरायले." मग म्हणाले, "पण मले आठवत नाही, बाबू. तुह्या परीक्षेचंही नाही आठवत. बहुत पोरं होती."

ते खोटं बोलत नव्हते. बोलत असते तर मला सोसलं असतं. मी धरून चाललो होतो की तो दिवस आम्हा दोघांचा आहे. त्यांच्याही मनात तो कुठंतरी असेल आणि चादरीसमोर उभं राहिल्यावर त्यांना तो आठवला असेल. तो दिवस माझ्या एकट्याचा होता. मी ज्याला शिक्षा केली त्याला ती कशाची हे माहीतच नव्हतं.

"अंड्यायनं काय केलं होतं?" सर म्हणाले. एवढंच. पेपर त्यांनी तिथंच ठेवला आणि निघून गेले. बाकावरचा पहिला पेशंट उठून खुर्चीत बसला, बाही वर केली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

त्यानंतर सर दुसऱ्या लॅबमध्ये जायला लागले.

सारसाची जोडी पुढच्या वर्षी त्या बाजूला आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मंडळीत माझं वजन वाढलं. नवीन कॅमेरा घेणारे मला विचारायला येऊ लागले आणि मी त्यांना सल्ले देत राहिलो. सरांचा विषय निघाला की लोक म्हणायचे, "हात गेला बिचाऱ्याचा," आणि मी मान हलवायचो.

दोन-अडीच वर्षांनी काकूंचा लॅबमध्ये फोन आला. दुसरी लॅब बंद पडली होती आणि सरांना बाहेर नेणं जमत नव्हतं. घरी येऊन रक्त काढाल का, असं त्यांनी मालकाला विचारलं. पाठवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. निघताना मी माझी लेन्स पिशवीत टाकली. कशासाठी, ते तेव्हा नीट ठरवलं नव्हतं.

सर ओसरीत खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. तो आता मांडीवर ठेवलेला असतानाही हलत होता. मी एका हातानं तो दाबून धरला आणि रक्त काढलं. मग पिशवीतून लेन्स काढली आणि म्हणालो, "सर, एकदा पाहता?"

बराच वेळ त्यांनी त्या लेन्सकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "कॅमेरा आण."

काकूंनी कपाटातून कॅमेरा आणला. बॅटरी मेलेली होती, माझी घातली. लेन्स बसवून मी त्यांच्या हातात दिला. अंगणातल्या तारेवर एक कोतवाल बसला होता, काळा, शेपूट दुभंगलेली. सरांनी कोपरं गुडघ्यांवर टेकवली, डोळा लावला, बटण अर्धं दाबलं. तो बारीक आवाज आला. मी शेजारी बसून ऐकत होतो. आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. आतली काच धावत होती आणि ती हाताला पुरी पडत नव्हती.

त्यांनी चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. मी बटण दाबून मोठे केले. सगळ्यांत काळा ओरखडा.

"नाही ठरत एका जागी," सर म्हणाले.

"नाही सर. एवढी थरथर त्याच्या आवाक्यात नसते."

"तवा ठरलं असतं?"

त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं, दुकानात वस्तूबद्दल विचारावं तसं. नाही म्हणता आलं असतं. तेव्हाही फरक पडला नसता सर, म्हटलं असतं तर त्यांना पडताळायचा मार्ग नव्हता, आणि काकू दारात उभ्या राहून मी तेच म्हणावं अशा नजरेनं माझ्याकडे पाहत होत्या.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा ठरलं असतं. दोन पावसाळे तरी निघाले असते."

मी हे खरेपणानं बोललो की त्यांच्याजवळ उरलेलंही काढून घ्यायला बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. सरांनी मान हलवली. कोतवाल उडून गेला होता आणि तार थोडी हलत होती.

काकू आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. माझ्यासाठी कपात. सरांसाठी झाकणाच्या बाटलीत, वर नळी लावलेली, लहान मुलांची असते तशी. त्यांनी ती सरांच्या हातात दिली नाही, स्वतःच धरून खाटेशेजारी बसल्या.

"बाबू, तू जाय आता," सर म्हणाले. "चहा पेताना मले समोर कोणी चालत नाही."

मी कप तसाच ओट्यावर ठेवला. लेन्स काढून पिशवीत टाकली, रक्ताची नळी शर्टाच्या खिशात ठेवली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. मागं वळून पाहायचं नाही एवढं मी पाळलं.

दुसऱ्या दिवशी काकू रिपोर्ट न्यायला आल्या. शुगर वाढली होती. बाकी सगळं ठीक होतं.